व्हॉलीबॉलची क्लब वर्ल्ड चॅम्पियनशिप आणि सोलापूर : आपल्याकडं टीम होते, क्लब का होत नाही?

युनिफॉर्मवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

गेल्या रविवारी, १५ डिसेंबर २०२४ ला, ब्राझीलच्या उबेरलांडियात व्हॉलीबॉलची पुरुषांची क्लब वर्ल्ड चॅम्पियनशिप संपली. फायनलला ब्राझीलच्याच साडा क्रुझेरोनं इटलीच्या ट्रेंटिनोला ३-१ हरवलं. दोघांचीही आता पाच-पाच विजेतेपदं झाली. ट्रेंटिनोनं २००९ ते २०१२ सलग चार वर्षं दोह्यात कप उचलला आणि पाचवा २०१८ ला पोलंडमध्ये. साडाची वर्षं २०१३, २०१५, २०१६, २०२१ आणि आता २०२४. मी घेतो त्या पेपरात याची एक ओळही दिसली नाही, म्हणून धागा काढतोय. शिवाय वर्षभर एक गोष्ट मनात घोळतेय, तीही आज लिहून टाकतो.

ही स्पर्धा मागच्या वर्षी आपल्या दारात आली होती. ६ ते १० डिसेंबर २०२३, बेंगळुरू, कोरमंगला इनडोअर स्टेडियम. यजमानपद भारताला २०२३ आणि २०२४ अशा दोन्ही वर्षांचं जाहीर झालं होतं. दुसऱ्या वर्षीची पुढं ब्राझीलला गेली. माझा युनिफॉर्म शिवायचा धंदा आहे. त्या आठवड्यात तिथल्या एका पार्टीकडं सँपल दाखवायला जायचं होतंच. उद्यान एक्स्प्रेसनं सकाळी उतरलो, काम दुपारपर्यंत उरकलं आणि सँपलची बॅग खांद्याला तशीच ठेवून स्टेडियम गाठलं.

सहा टीम होत्या. इटलीची पेरुजा, तुर्कीची हल्कबँक, जपानची सनटोरी सनबर्ड्स, ब्राझीलच्या साडा आणि मिनास, आणि आपली अहमदाबाद डिफेंडर्स, त्या वर्षीची प्राइम व्हॉलीबॉल लीगची विजेती. आपली टीम उपांत्य फेरीत गेली नाही. फायनल पेरुजानं मिनासला सरळ ३-० नं हरवून जिंकली.

आत शिरलो तेव्हा पेरुजाचा वॉर्मअप चालू होता. जंप सर्व्हिसचा आवाज मी टीव्हीवर हजारदा ऐकलाय, पण तो आवाज नव्हेच. बॉल हाताला लागतो तेव्हा एक आणि पलीकडं टॅराफ्लेक्सच्या जमिनीवर आपटतो तेव्हा दुसरा, आणि दोन्हींच्या मध्ये डोळ्याची पापणी हलायला वेळ नाही. माझ्या शेजारी एक कन्नड काका बसले होते, प्रत्येक सर्व्हिसला त्यांचा हात नकळत छातीवर जायचा.

मी मात्र बघत होतो ते त्यांच्या लिफ्टरला, म्हणजे स्मॅशरला बॉल उचलून देणाऱ्या सिमोने जानेल्लीला. इटलीनं २०२२ ची वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकली तेव्हाचा कॅप्टन. पास नेटपासून दोन मीटर मागं राहिला तरी तो पोचलेला असायचा. उडी मारून बॉल हातात घ्यायचा आणि पाठ, खांदे, मनगट, सगळं अगदी एकसारखं. पुढं दिला तरी तसंच, डोक्यामागं दिला तरी तसंच. समोरचा सेंटरचा ब्लॉकर अर्धा पाऊल डावीकडं जायचा आणि बॉल उजवीकडून मारलेला असायचा. हे मी दहा-बारा वेळा मोजून बघितलं.

आणि दुसरं, बाहेर उभे असलेले राखीव खेळाडू. एक जण पूर्ण मॅचभर आत आला नाही. पण प्रत्येक पॉइंटनंतर आतल्या पोराला हातानं खुणा करून सांगायचा, दोन पावलं मागं, लाइनवर ये. आतला मान हलवायचा. वर्षानुवर्षं एकत्र सराव करणाऱ्यांनाच हे जमतं.

रात्री लॉजवर मोबाइलवर बघत बसलो. पेरुजा हे दीड-पावणेदोन लाख वस्तीचं शहर. ट्रेंटो सव्वा लाखाच्या आतबाहेर. २०१९ चा कप नेला त्या लुबे क्लबचं चिवितानोव्हा चाळीस हजारांच्या आसपास. आपलं सोलापूर २०११ च्या जनगणनेत साडेनऊ लाख! पेरुजाचा क्लब सुरू झाला तोसुद्धा शेजारच्या बास्तिया उंब्रा नावाच्या लहान गावात. आणि त्यांच्या नावातलं 'सिर सेफ्टी' म्हणजे काय, तर कामगारांचे सेफ्टी बूट आणि कामाचे कपडे करणारी तिथलीच कंपनी. म्हणजे माझ्याच धंद्यातली माणसं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता आपल्याकडचं सांगतो. मागच्या वर्षी जिल्ह्यातल्या एका गावच्या स्पर्धेला आमच्या गल्लीतली आठ पोरं घेऊन गेलो. समोरच्या टीमचा टी-शर्ट एकाच रंगाचा, पण पोरं एकमेकांना नावानं ओळखत नव्हती. तीन जण दोन दिवसांपूर्वी फोन करून बोलावलेले. ते जिंकले. बक्षीस वाटून घेतलं आणि ज्याच्या त्याच्या गाडीनं निघून गेले. पुढच्या आठवड्यात त्यातलेच दोघं वेगळ्या टी-शर्टमध्ये दिसले. मी त्या पोरांना नावं ठेवत नाही, त्यांचाही पोटापाण्याचा प्रश्न आहे. पण याला मी क्लब म्हणणार नाही.

सोलापुरात मैदानं आहेत, पोरं आहेत, मंडळं तर गल्लोगल्ली. मग बारा महिने चालणारा एक क्लब का होत नाही? जाणकारांनी मोकळेपणानं लिहावं.

---

पूर्वभाग

अण्णा, वाचून अंगावर काटा आला.

आमच्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकरांच्या गल्लीत एकेकाळी होता असा क्लब, फक्त त्याला क्लब म्हणत नव्हते. मागावरची पाळी सुटली की अंगावरचं सूत झटकून सगळे मैदानात. आमचा वडील माग चालवायचा, तोच आमचा लिफ्टर. पॉइंट तेलुगूत मोजायचे, ओकटि, रेंडु, मूडु, आणि समोरची मराठी पोरंसुद्धा तसंच मोजायला शिकली. नेटची वरची पट्टी फाटली की विकतची कुणी आणत नव्हतं. चादरीच्या कडेचा जाड तुकडा दुमडायचा, त्यात दोरी ओवायची आणि दाभणानं शिवायची. अशी एक पट्टी अजून आमच्या माळ्यावर आहे, पांढरा रंग पिवळा पडलाय पण शिवण एक टाका सुटलेली नाही.

बंद का पडलं ते सांगतो. माग कमी झाले. कुणी भिवंडीला गेलं, कुणी हैदराबादला, कुणी रिक्षा घेतली. पाळी एक होती तोवर सगळे एका वेळी सुटायचे. आता एकाची सुट्टी सोमवारी, दुसऱ्याची गुरुवारी, तिसऱ्याला सुट्टीच नाही. सहा माणसं एका वेळी एका जागी आणायची कशी, हे आधी सोडवा. माझ्या मते मैदान आणि पैसा त्यानंतरचे प्रश्न.

---

बार्शीकर

ट्रेंटो सव्वा लाखाचं म्हणालात ना? आमची बार्शी २०११ ला एक लाख अठरा हजार होती. म्हणजे बार्शीएवढ्या गावानं पाच वेळा जगज्जेतेपद आणलं! हे मी आज घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. मुलगा नववीत आहे, म्हणतो बाबा मला बॉल आणा.

---

मोहोळचा शूटर

लेख झकास. पण एक बोलतो, राग मानू नका.

तुम्ही सगळे स्मॅशिंगचं, म्हणजे नेहमीच्या तीन टचच्या व्हॉलीबॉलचं बोलताय. आपल्या जिल्ह्यात गावागावात चालतं ते शूटिंग, आलेला बॉल दोन्ही हातांनी थेट पलीकडं हाणायचा खेळ. जत्रा म्हटलं की कुस्तीचा फड आणि शूटिंग व्हॉलीबॉलचे सामने, रात्री हॅलोजन लावून पहाटेपर्यंत. मैदानाभोवती उभं राहायला जागा नसते. तुमच्या त्या स्टेडियमात जेवढी माणसं नसतील तेवढी आमच्याकडं ट्रॅक्टरवर चढून बघतात. हा खेळ कुणी शिकवला नाही, कुठला स्पॉन्सर नाही, तरी टिकला. मग सुरुवात याच्यातून का नाही? उठसूट शूटिंगला कमी लेखायचं आणि मग खेळाडू नाहीत म्हणायचं, हे बरोबर नाही.

---

लिबेरो_१२

दादा, मी शूटिंगमधूनच आलोय, त्यामुळे दोन्ही बाजू सांगू शकतो. आता विद्यापीठाच्या टीमला लिबेरो खेळतो, म्हणजे मागं राहून फक्त बॉल उचलणारा.

शूटिंगनं मला काय दिलं? डोळा आणि छाती. समोरून पाच मीटरवरून दोन्ही हातांनी हाणलेला बॉल अंगावर येतो, तेव्हा मागं सरायचं नाही, हे तिथं शिकलो. आजही कडक सर्व्हिस आली की माझे पाय थरथरत नाहीत. स्मॅशिंगमध्ये वाढलेल्या पोरांना ते शिकवायला वर्ष जातं.

आणि काय हिरावलं? हात. शूटिंगमध्ये आलेला बॉल परत पलीकडं हाणायचा असतो. स्मॅशिंगमध्ये आलेला बॉल मारायचाच नसतो, त्याचा जीव काढून घ्यायचा असतो. सर्व्हिस शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या वेगानं येते आणि आपण तिला लिफ्टरच्या डोक्यावर अलगद ठेवायची. कोपर लॉक, खांदे पुढं, हात हलवायचे नाहीत, पायानं जागा घ्यायची. पहिलं वर्षभर माझा प्रत्येक पास थेट पलीकडं जायचा. सर ओरडायचे, 'अरे, बॉल आपल्यात ठेव!' तीन टचमधला पहिला टच स्वतःसाठी नसतो, दुसऱ्यासाठी असतो, हे डोक्यात शिरायला फार वेळ लागला.

पेरुजाच्या लिबेरोचं नाव मासिमो कोलाची. उंची १.८० मीटर, म्हणजे सहा फुटाला इंचभर कमीच. बेंगळुरूत तो ३८ वर्षांचा होता. सनटोरीकडं २.१८ मीटरचा दिमित्री मुसेर्स्की होता, त्याच्याकडं बघून आपण 'आपल्यात उंची नाही' म्हणून सोडून देतो. कोलाचीची उंची सोलापुरात दर दहा घरांमागं एकाची असेल. त्याच्यासारखे पास देणारा मात्र मला एकही माहीत नाही. त्यात मीही आलो.

अहमदाबादबद्दल एक. आपल्या प्राइम लीगमध्ये सेट १५ चा असतो. १५ मध्ये एक चांगली सर्व्हिसची फेरी मिळाली की सेट तुमचा. वर्ल्ड चॅम्पियनशिपला २५. दहा पॉइंट जास्त म्हणजे रोटेशन, खेळाडूंच्या जागांची फेरी, जास्त वेळा फिरणार, तुमचा सगळ्यात कच्चा रिसीव्हर कोण हे समोरच्याला कळणार, आणि मग प्रत्येक सर्व्हिस त्याच्याच अंगावर येणार. १५ ची सवय असलेल्यांना ते पुढचे दहा पॉइंट फार जड जातात.

---

मोहोळचा शूटर

'बॉलचा जीव काढून घ्यायचा' हे पटलं मालक. आमच्या पोरांना उद्या वाचून दाखवतो. पण मग शिकवायला या की कुणीतरी. आमच्याकडं पोरं तीस आहेत, शिकवणारा एक पण नाही.

---

निवृत्त पंच

मी बरीच वर्षं जिल्ह्यात पंचगिरी केली. जुन्या माणसाच्या दोन आठवणी.

ही क्लब चॅम्पियनशिप पहिल्यांदा १९८९ ला इटलीत, पार्मात झाली आणि पार्माच्याच मॅक्सिकोनो क्लबनं जिंकली. १९९२ पर्यंतच्या चारही स्पर्धा इटालियन क्लबांनीच जिंकल्या. मग थेट २००९ पर्यंत स्पर्धाच झाली नाही. इटलीच्या क्लबांचा तो सुवर्णकाळ सुरू होत होता तेव्हा आपला एक माणूस तिथं खेळत होता, हे आजच्या पोरांना माहीत नसतं. केरळचा जिमी जॉर्ज. कण्णूरकडच्या पेरावूरचा. आठही भाऊ व्हॉलीबॉल खेळणारे. १९८६ च्या सोल एशियाडला आपल्याला ब्राँझ मिळालं त्या टीममध्ये तो होता. ३० नोव्हेंबर १९८७ ला इटलीतच मोटारीच्या अपघातात गेला, वय अवघं ३२. बातमी आली त्या दिवशी संध्याकाळी आम्ही मैदानात जमलो, पण नेट कुणी बांधलं नाही. दोन वर्षांनी ही स्पर्धा सुरू झाली. तो असता तर एखाद्या क्लबकडून त्यात दिसला असता असं मला आजही वाटतं.

आणि जिमीचं घर बघा. आठ भाऊ, एक अंगण, रोज संध्याकाळ. युनिफॉर्मवाले साहेब, तुम्ही ज्याला क्लब म्हणताय तो तिथं घरातच होता.

दुसरी गोष्ट नेटची. पुरुषांचं नेट २.४३ मीटर, मोजायचं मैदानाच्या मध्यावर. दोन्ही टोकं सारखी हवीत आणि टोकाला फार तर २ सेंटिमीटर जास्त चालतं. मी एका गावात टेप लावला तर मधोमध २.३५ भरलं. आयोजकांना सांगितलं तर म्हणाले, साहेब, पब्लिकला स्मॅश बघायचाय, राहू द्या. मी सामना सुरू केला नाही. अर्धा तास वाद झाला, शेवटी नेट वर घेतलं. त्या दिवशी गावातल्या 'सगळ्यात भारी' स्मॅशरचे सहा बॉल नेटमध्ये गेले. पोरगा सामना झाल्यावर माझ्याकडं आला आणि म्हणाला, 'सर, मला आजवर कुणी सांगितलंच नाही.' चांगला पोरगा होता. खोट्या उंचीवर त्याची चार वर्षं गेली.

---

पीटीच्या बाई

सगळ्यांचं वाचतेय, छान चाललंय. पण धाग्यात आतापर्यंत सगळी पोरंच दिसतात, म्हणून लिहिते.

मी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते. माझ्या मुली सकाळी सहाला येतात. नववीपर्यंत येतात, दहावीला क्लास लागतो आणि बंद. जी चांगली असते तीच आधी बंद होते, कारण ती अभ्यासातही चांगली असते. मागच्या वर्षी माझी लिफ्टर अशीच गेली. तिच्या आईला भेटायला घरी गेले. आईनं शेंगाची चटणी-भाकरी वाढली, प्रेमानं बोलल्या आणि शेवटी म्हणाल्या, 'बाई, खेळून पुढं काय?' माझ्याकडं उत्तर नव्हतं. 'पुढं अमुक क्लब आहे, तिथं खेळेल' असं सांगता आलं असतं तर मी सांगितलं असतं.

लहान गावांचंच बोलताय तर बायकांकडं बघा. इटलीचं कोनेल्यानो, वस्ती पस्तीस हजारांच्या आसपास. त्यांच्या बायकांच्या टीमनं क्लब वर्ल्ड चॅम्पियनशिप २०१९, २०२२ आणि आता २०२४ ला जिंकली. पस्तीस हजार म्हणजे पंढरपूरच्या निम्म्याहूनही कमी.

क्लब काढणार असाल तर पहिल्या दिवसापासून मुलींचा वेळ ठरवा. 'नंतर बघू' म्हटलं की ते नंतर येत नाही, हे मी वीस वर्षं बघतेय.

---

युनिफॉर्मवाला

बाई, तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. माझ्या मूळ लिखाणात ते यायला हवं होतं. पंच साहेब, नेटची गोष्ट मी आमच्या पोरांना वाचून दाखवली. लगेच टेप आणून आमचं नेट मोजलं. २.३९ निघालं. काल वर घेतलं.

पूर्वभाग, पाळीचा मुद्दा मला सुचलाच नव्हता. बरोबर आहे.

एक गोष्ट राहिली होती, ती टाकतो. साडाचे आताचे कोच फिलिपे फेराझ. २०१३ आणि २०१६ च्या विजयात हेच साडाकडून खेळत होते. २०२१ ला खेळणं थांबवलं, त्याच क्लबचे कोच झाले आणि त्याच वर्षी कप. आता पुन्हा. बाहेरून मोठं नाव आणायची त्यांना गरज पडली नाही. खेळलेला माणूस त्याच मैदानावर शिट्टी घेऊन उभा राहिला. आपल्या पंच साहेबांसारखी, पूर्वभागच्या वडिलांसारखी किती माणसं सोलापुरात आहेत!

---

हिशेबनीस

मी खेळाडू नाही, बँकेत असतो, पण मुलगा खेळतो म्हणून धागा वाचला. पैशाचं कुणी बोललं नाही, ते मी बोलतो.

तुम्ही सांगितलेल्या सहा टीमची घडण वेगवेगळी आहे, आणि मला त्यात खरा उपयोग दिसतो. सनटोरी ही पेयं बनवणारी जपानी कंपनी, टीम कंपनीची. हल्कबँक म्हणजे बँकेचा क्लब. साडा हा गाड्यांची वाहतूक करणारा उद्योगसमूह, त्यानं फुटबॉलच्या क्रुझेरोचं नाव जोडून टीम उभी केली. पेरुजाचं वर आलंच आहे. पण मिनास वेगळा आहे. तो बेलो होरिझोंटेतला १९३५ सालचा सभासदांचा क्लब. हजारो घरं वर्गणी भरतात, पोहायला जातात, मुलांना खेळायला पाठवतात, आणि त्याच क्लबची व्हॉलीबॉल टीम बेंगळुरूत फायनल खेळली. टीमच्या नावात 'इतांबे' येतं ते दुधाच्या कंपनीचं, वरून जोडलेलं. खाली सभासद आहेत.

आपल्याला कंपनी मिळेल तेव्हा मिळेल. मिनासचा रस्ता मात्र आज घेता येतो. आपण महाराष्ट्रातली माणसं, भिशी, पतसंस्था, मंडळाची वर्गणी, हे आपल्या हाडात आहे. गणपतीला गल्लीतून वर्गणी निघते की नाही? शंभर घरांनी महिन्याला शंभर रुपये दिले तर दहा हजार. त्यात दोन बॉल, चुना, दिव्याचं बिल आणि शिकवणाऱ्याचं पेट्रोल भागतं. पावती द्यायची, महिन्याला हिशेब फलकावर लावायचा. हिशेब दिसला की लोक देतात. हे काम मी करायला तयार आहे, फुकट.

---

पूर्वभाग

हिशेबनीस साहेब, आमच्या गल्लीतून पंचवीस घरं मी देतो. लिहून घ्या.

---

होटगी रोड

थोडा विरोधी सूर लावतो, कारण मला हे खरंच व्हायला हवंय.

असे दोन प्रयत्न मी जवळून बघितलेत. दोन्ही एकाच जागी मोडले. सुरुवातीला चाळीस पोरं, सगळ्यांना स्मॅश मारायचा. तिसऱ्या महिन्यात पहिली स्पर्धा आली, जिंकायचं म्हणून बाहेरची दोन पोरं घेतली, आणि वर्षभर येणारी दोन पोरं बसवली. दुसऱ्या दिवसापासून ती दोघं आली नाहीत. त्यांच्यामागं आणखी चार. पावसाळ्यापर्यंत मैदान मोकळं.

त्यामुळे पैसा, नेट, वेळ या सगळ्याआधी एक नियम लिहा: बाहेरचा खेळाडू घ्यायचा नाही. हरलो तरी चालेल. पहिली दोन वर्षं हरणारच आहोत, हे पालकांनाही आधीच सांगा.

---

लिबेरो_१२

होटगी रोड, तुम्ही म्हणता त्या बसवलेल्या दोघांपैकी एक मी होतो. नाव सांगत नाही, पण तुम्हाला कळेल. हा नियम पहिल्या पानावर लिहा.

---

होटगी रोड

कळलं रे. तेव्हा तुझ्या बाजूनं बोलायला हवं होतं, मी बोललो नाही. ते अजून मनात आहे. रविवारी भेट.

---

निवृत्त पंच

पोरांना सुरुवातीला काय शिकवायचं यावर वाद होण्याआधी माझं मत देऊन ठेवतो. पहिले तीन महिने नेट बांधू नका. भिंत आणि बॉल. भिंतीवर खडूनं वीतभर गोल काढा, त्यात अंडरहँड पास सलग पन्नास. मग बोटांनी पन्नास. नेट दिसलं की पोरगा स्मॅशच मारणार, ते वयच तसं असतं.

आणि बॉलमध्ये हवा कमी भरा. आपल्याकडं बॉल दगडासारखा फुगवायची खोड आहे. नियमात ०.३० ते ०.३२५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब सांगितलाय. सकाळी गारव्यात भरलेला बॉल एप्रिलच्या उन्हात मैदानाकडेला ठेवला तर दुपारी आणखी कडक होतो. लहान पोरांचे हात लाल होतात, दुसऱ्या दिवशी ती येत नाहीत आणि आपण म्हणतो आजकालच्या पोरांना आवड नाही. बॉल सावलीत ठेवा, गेज घ्या.

---

मोहोळचा शूटर

पंच साहेब, मोहोळला कधी येता? स्टँडवर गाडी घेऊन उभा राहतो. तीस पोरं भिंतीसमोर उभी करतो. शाळेची मागची भिंत लांबलचक आहे, हेडमास्तरांना विचारलंय, हो म्हणाले.

---

निवृत्त पंच

येतो. गुरुवार धरा. खडू मी आणतो.

---

पीटीच्या बाई

गुरुवारी माझा दुपारनंतर तास नाही. मीही येते. मुली आहेत का तीसमध्ये?

---

मोहोळचा शूटर

नाहीत बाई. पण माझी बहीण आठवीला आहे आणि तिच्या वर्गातल्या चौघी रोज कठड्यावर बसून बघतात. गुरुवारी त्यांना आत घेतो.

---

युनिफॉर्मवाला

मंडळी, चार दिवसांत एवढं होईल असं वाटलं नव्हतं. आतापर्यंत ठरलेलं लिहितो, चुकलं तर दुरुस्त करा.

गड्ड्याची यात्रा, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वरांची, जानेवारीच्या मध्यावर. तेव्हा शहरात कुणाचं कशात लक्ष नसतं आणि आमच्या मैदानाकडची वाटही गर्दीची असते. म्हणून यात्रा उतरली की पुढच्या रविवारी सकाळी सहाला सुरुवात. पूर्वभागच्या म्हणण्याप्रमाणे दोन वेळा ठेवतो, सकाळी सहा ते आठ आणि रात्री साडेआठ ते दहा, ज्याची जशी पाळी असेल तशी. मुलींची वेळ सकाळची, पूर्ण मैदान त्यांचं, पोरांनी तेव्हा भिंतीवर. बाहेरचा खेळाडू नाही. हिशेब फलकावर. पहिले तीन महिने नेट नाही.

टी-शर्ट माझ्याकडून. पण ते लगेच देणार नाही, तीन महिने न चुकता येईल त्यालाच आणि तिलाच. नंबर कायमचा, दुसऱ्याला द्यायचा नाही. रंग कुठला घ्यायचा ते सांगा, कापड गड्ड्याआधी उचलावं लागेल.

---

पूर्वभाग

रंग कुठलाही घ्या अण्णा, पण आमच्याकडची ती जुनी चादरीची पट्टी नेटला लावा. तीन महिन्यांनी जेव्हा नेट बांधाल तेव्हा. काल माळ्यावरून काढून धुतली. साडेनऊ मीटर भरली, दोन्हीकडं बांधायला दोरी नवी लागेल. वडिलांना दाखवली, त्यांनी हातात धरून ओढून बघितली आणि विचारलं, 'लिफ्टर कोण आहे?'

---

युनिफॉर्मवाला

त्यांना रविवारी घेऊन या. खुर्ची ठेवतो.